विनेलबाईंचा ओडेल

टँजेलो कोर्ट नावाच्या गल्लीत चांगुलपणाचा मक्ता विनेल स्टोक्सकडे होता. तो तिला कुणी दिला नव्हता, पण तिच्याकडून काढून घ्यायची छातीही कुणाची नव्हती.

गल्लीत एकूण सोळा घरं. जिथं पूर्वी संत्र्यांची बाग होती तिथं एकाच साच्यातून काढल्यासारखी बांधलेली, बसकी, पुढं हिरवळ, बाजूला गाडीसाठी छप्पर. विनेलच्या छपराखाली गाडी नव्हती. तिथं केस वाळवायचं यंत्र, फिरती खुर्ची आणि आरसा होता, आणि गल्लीतल्या यच्चयावत बायकांची डोकी तिच्या हाताखालून जात. डोकं हातात आलं की त्यातलं सगळं कानात येतं. त्यामुळे विनेलला जे ठाऊक नव्हतं ते टँजेलो कोर्टमध्ये घडलेलंच नव्हतं.

आणि विनेलच्या शेजारी ओडेल टिसडेल राहायचा.

ओडेल साडेसहा फूट उंच होता. उंचीच्या मानानं रुंदी द्यायला देव विसरला होता. गवत कापायची यंत्रं दुरुस्त करत दिवसभर गॅरेजमध्ये बसल्यामुळं फ्लोरिडाच्या उन्हातही त्याचा चेहरा दुधात बुडवलेल्या पावासारखा पांढरा. पोरं त्याला 'भुताचा खांब' म्हणत. समोरच्या घरातली मर्लीन प्रुइट तर तो पलीकडून येताना दिसला की रस्ता ओलांडायची, आणि ओलांडून झाल्यावर मागं वळून म्हणायची, "देव त्याचं भलं करो." मर्लीनचं हे वाक्य म्हणजे कुणाच्याही अंगावर टाकायची चादर होती. आधी माणसाला सोलायचं, मग वरून हे पांघरायचं.

ओडेल माणसांना इतका बुजायचा की आयुष्यात त्यानं कुणाचं दार वाजवलं नव्हतं. यंत्र दुरुस्त झालं की ते मालकाच्या हिरवळीवर ठेवून तो निघून यायचा. अशा माणसाला विनेलनं आपलं म्हटलं. अकरा वर्षं ती त्याचे केस कापत होती, आणि अकरा वर्षं दर रविवारी चर्च सुटलं की त्याला जेवायला घेऊन येत होती. दोन्ही घरांच्या मधल्या कुंपणात चांगलं माणूसभर खिंडार होतं. पण विनेल त्यातून कधी जायची नाही. ती रस्त्यानं वळसा घालून जायची आणि ओडेलला मागं घेऊन रस्त्यानंच परत यायची, मधोमध, सावकाश.

"कुंपणातनं ये ना," तिचा नवरा हॉयट म्हणायचा. "कोंबडी गार होते."

"लोकांच्या कुंपणातनं शिरायला मी काय मुंगूस आहे?"

"तसं नाही. पण मिरवणुकीला बँड तरी लाव."

चर्चमध्ये पास्टरनं दोनदा, नाव न घेता, पण सगळ्यांनी मान वळवून बघावं असं, विनेलचं कौतुक केलं होतं. तेवढं तिला पुरायचं. निदान एकोणनव्वद सालच्या मार्चपर्यंत पुरलं.

मार्चमध्ये सिनेमावाले आले.

त्यांनी गल्लीच्या टोकाला बावीस ट्रक माती ओतून टेकडी केली, कारण फ्लोरिडात टेकडी मागून मिळत नाही. टेकडीवर प्लायवुडचा काळाकुट्ट, टोकदार मनोऱ्यांचा, बघूनच शहारा यावा असा बंगला उभा केला. समोरून बंगला, मागून बांबू. आणि खालच्या सोळा घरांना रंग दिले, एक पिस्ता, एक गुलाबी, एक फिकट जांभळं. विनेलचं घर लोण्याच्या रंगाचं झालं. मर्लीनला गुलाबी मिळालं. त्यावरून दोन दिवस विनेलची चिडचिड चालली, पण ते जाऊ दे.

सिनेमाची गोष्ट अशी. काळ्या बंगल्यात एक म्हातारा मेणबत्त्या करायचा. त्यानं मेणाचा एक माणूस घडवला, आणि जग म्हणजे काय ते सांगायच्या आत म्हातारा मेला. मेणाचा माणूस एकटा टेकडी उतरून रंगीत घरांच्या गल्लीत येतो. ज्या घरात अंधार असेल तिथं जातो आणि आपलं बोट पेटवून उजेड देतो. प्रत्येक उजेडाला तो थोडा थोडा कमी होतो. आधी बायका त्याला डोक्यावर घेतात. मग एका घराला आग लागते, आळ त्याच्यावर येतो, आणि सगळी गल्ली मशाली घेऊन त्याच्या मागं लागते.

"मेणाच्या माणसामागं मशाली," हॉयट म्हणाला. "म्हणजे डोकं आहे लोकांना."

सिनेमावाल्यांत टेस नावाची एक मुलगी होती. कमरेला वायरलेस, हातात पुठ्ठ्यावर चिमटलेले कागद, आणि तोंडात एकच शब्द. तिला पाणी दिलं तर "अप्रतिम." पाणी संपलंय म्हटलं तरी "अप्रतिम." ती एका दुपारी विनेलकडे केसांची टोकं कापून घ्यायला बसली होती. तेवढ्यात आरशात मागून ओडेल गेला, दुरुस्त झालेलं यंत्र ढकलत.

टेस खुर्चीसकट वळली. "हा कोण?"

"तो होय? तो आमचा ओडेल," विनेल म्हणाली, आणि 'आमचा'वर कात्रीइतकं वजन टाकलं. "बिचारा फार लाजाळू आहे. कुणी विचारत नाही त्याला. मीच बघते सगळं त्याचं."

"आमच्या हिरोइतकाच उंच आहे. तेवढाच काटकुळा." टेसनं वायरलेस तोंडाशी नेला. "हिरोच्या जागी उभं राहायला माणूस सापडला. अप्रतिम."

सिनेमात असं असतं की दिवे जुळवायला दोन दोन तास लागतात, आणि तेवढा वेळ हिरो उन्हात थांबत नाही. त्याच्या मापाचा दुसरा कुणीतरी त्याचा कोट घालून उभा करतात. विनेलला वाटलं ओडेल नाही म्हणेल. ती टेसला म्हणालीसुद्धा, "तो तयार व्हायचा नाही हो. मी बोलून बघते, माझं ऐकतो."

पण टेस अर्धे केस ओले ठेवूनच बाहेर गेली होती. उभं राहायचं, बोलायचं नाही, कुणाकडे बघायचं नाही, असं काम ओडेलला आयुष्यात पहिल्यांदाच कुणी देत होतं. तो म्हणाला, "हो बाई."

आणि मग व्हायचं तेच झालं. काळा लांब कोट घालून, पडक्या कॉलरमधून पांढरी मान काढून ओडेल त्या टेकडीवर उभा राहिला, आणि टँजेलो कोर्टच्या बायकांनी घड्या घालायच्या खुर्च्या आणून समोर मांडल्या. खरा हिरो दिवसातून वीस मिनिटं दिसायचा. ओडेल दिवसभर दिसायचा. अकरा वर्षं तो याच गल्लीत याच उंचीनं फिरत होता, तेव्हा कुणाला दिसला नव्हता. आता टेकडीवर ठेवल्यावर दिसायला लागला.

"अगं, नुसता उभा राहतो ना, तरी माझ्या पोटात कालवतं," मर्लीन नाकातून म्हणाली. तिचं सगळं बोलणं नाकातून निघायचं आणि शेवटी वर चढायचं. "काय ते डोळेऽ. कधी लक्षच गेलं नाही बाई आपलं."

"माझं गेलं होतं," विनेल म्हणाली.

"हो ना. तुझं मन मोठं. पण तू त्याला असा लपवून ठेवलास, आम्हाला कळणार कसं?"

विनेलनं बर्फाच्या चहाचा ग्लास खुर्चीखाली ठेवला. लपवून ठेवला म्हणे. दर रविवारी भर रस्त्यातून नेत होते, तेव्हा तू पडदा ओढून घेत होतीस. पण हे बोलायचं कसं? बोललं तर अकरा वर्षांचं पुण्य उघड्यावर पडतं.

दुसऱ्या दिवशी ओडेलच्या ओट्यावर पहिलं भांडं आलं. टूना आणि शेवयांचं, वर चुरलेले वेफर्स. मग भात-चिकन आलं, केळ्यांचं पुडिंग आलं, मार्शमेलो घातलेली हिरवी थुलथुलीत जेली आली. शुक्रवारपर्यंत चौदा भांडी झाली. प्रत्येक काचेच्या भांड्याच्या बुडाला कागदी चिकटपट्टी आणि तीवर पेनानं नाव, कारण भांडं परत यायचं असतं, आणि रिकामं यायचं नसतं. त्या गल्लीत कुणी कुणाची गाडी ठोकली तर आठवड्यात बोलणं सुरू व्हायचं. पण भांडं परत केलं नाही तर बाईचं नाव कायमचं टाकलं जायचं.

विनेल स्वयंपाकघराच्या खिडकीतून ही रांग बघत होती. "पुडिंग," ती म्हणाली. "स्वतःच्या सासऱ्याच्या मयताला हिनं विकतचे पाव आणले होते. आणि याला पुडिंग."

"सासरा टेकडीवर उभा नव्हता," हॉयट पेपरामागून म्हणाला.

खरं दुखणं शनिवारी उघडं पडलं. मर्लीन डोकं धुवायला आली आणि फेसातूनच म्हणाली, "पुढच्या रविवारी ओडेलला आमच्याकडे बोलावतेय हं जेवायला."

"रविवारी तो आमच्याकडे असतो."

"असतो की. अकरा वर्षं असतोय. एक रविवार आम्हाला दे ना गं. काय तुझं सात-बाराला नाव लागलंय का त्याच्यावर?"

विनेलनं पाणी जरा जास्तच गरम सोडलं. मर्लीन ओरडली तेव्हा ती म्हणाली, "अगं बाई, देव तुझं भलं करो. कळलंच नाही."

सोमवारी मशालींच्या प्रसंगाची तालीम होती. गल्लीतल्याच बायकांना गल्लीतल्या बायका म्हणून उभं केलं होतं. टेकडीच्या पायथ्याशी ओडेल कोट घालून उभा, हिरोच्या जागी. दिग्दर्शकानं सांगितलं, या प्राण्याचा तुम्हाला तिटकारा आलाय, ओरडा, चालता हो म्हणा.

बायका हसायला लागल्या. "कसं म्हणू गं याला?" "मला तर रडूच येतं." मर्लीननं विझलेली मशाल छत्रीसारखी धरली आणि लाडात म्हणाली, "जाऽ ना रे."

"नाही, नाही," दिग्दर्शक म्हणाला. "कुणाच्याच पोटात राग नाही का?"

तेव्हा मागच्या रांगेतून आवाज आला. "चालता हो. हाकललंय तुला इथनं. तुला काय वाटलं, हे सगळे तुझे आहेत? उद्या तुला ओळखसुद्धा दाखवणार नाहीत. जा वर तुझ्या बिळात."

बायकांच्या मशाली खाली आल्या. सांगितल्याप्रमाणं ओडेलनं कुणाकडे बघायचं नव्हतं, पण त्यानं बघितलं. विनेलकडे.

"अप्रतिम," टेस म्हणाली. "बाई, तुम्ही पुढच्या रांगेत या."

आणि विनेलला पुढं, अगदी मधोमध उभं केलं. नऊ वेळा ते वाक्य म्हणून घेतलं. नवव्यांदासुद्धा तिला ते पाठ करावं लागलं नाही.

मंगळवारी सकाळी, ओडेल टेकडीवर असताना, विनेल त्याच्या घरी गेली. कुंपणाच्या खिंडारातून गेली. ओट्यावर आणि स्वयंपाकघरात भांडी एकावर एक रचली होती, धुतलेली, पुसलेली, बुडं वर करून. ओडेलनं प्रत्येकात आपल्या झाडाची दोन दोन ग्रेपफ्रूटं भरायला काढून ठेवली होती. आता फक्त रात्री काळोखात ज्याच्या त्याच्या ओट्यावर ठेवून यायची, नावं वाचून, नेहमीसारखी, दार न वाजवता.

विनेलनं नळ गरम केला आणि एकेक भांडं बुडवून चौदाच्या चौदा पट्ट्या नखानं खरवडून काढल्या. मनात हिशेब सरळ होता. नावं नसली की काय कुणाचं ते याला कळणार नाही. दारं वाजवून विचारायचं तर हा मरेल पण विचारणार नाही. भांडी इथंच पडून राहतील. आठ दिवसांत मर्लीन नाकातून म्हणेल, काय बाई माणूस, भांडंसुद्धा परत केलं नाही, देव त्याचं भलं करो. आणि मग याला विचारणारं परत एकच घर उरेल. पट्ट्यांचा गोळा ॲप्रनच्या खिशात कोंबून ती आली तशी गेली.

बुधवारी संध्याकाळी पाच वाजता टँजेलो कोर्टमध्ये चाकांचा खडखडाट झाला. विनेलनं खिडकीतून बघितलं आणि हातातलं फडकं तसंच राहिलं. ओडेल लहान मुलांच्या लाल ढकलगाडीत सगळी भांडी घालून निघाला होता. पहिल्या दारापुढं तो इतका वेळ उभा राहिला की विनेलला वाटलं, आता वळेल. तो वळला नाही. दार उघडलं. त्यानं मान खाली घालून काहीतरी विचारलं. आतली बाई हसली, तिनं गाडीत वाकून बघितलं, आपलं भांडं ओळखलं, आणि त्याचा दंड धरून त्याला आतच नेलं. वीस मिनिटांनी तो बाहेर आला तो हातात कॉफीचा कप घेऊन. पुढच्या घरी त्याला अल्बम दाखवले. त्याच्या पुढच्या घरी यंत्र दाखवलं. आठ वाजेपर्यंत ढकलगाडी रिकामी झाली आणि ओडेल टिसडेल चौदा घरांत बसून आला होता.

"बघ," हॉयट म्हणाला. "उभ्या जन्मात दार वाजवलं नव्हतं पोरानं. काय झालं असेल?"

विनेल रात्री जेवली नाही.

गुरुवारी मर्लीन छपराखाली येऊन तिच्या गळ्यातच पडली. "तू म्हणजे ना, विनेल. कळलं हं आम्हाला सगळं."

विनेलनं तिला अंगावरनं दूर केलं. "काय कळलं?"

"ओडेलनंच सांगितलं. पट्ट्या तू काढल्यास. त्याची भीड चेपावी म्हणून. नाहीतर तो भांडी गुपचूप ठेवून गेला असता. आम्हाला नसतं बाई सुचलं. तुझं मनच वेगळं." आणि पहिल्यांदाच मर्लीननं शेवटी देवाला आणलं नाही. खरंच म्हणत होती.

विनेलला हे कौतुक घशाखाली उतरेना. अकरा वर्षांत याच्यापेक्षा मोठं कौतुक झालं नव्हतं, आणि ते गरम बटाट्यासारखं तोंडात फिरत होतं.

शनिवारी ओडेल केस कापायला आला. खुर्चीत बसला तरी त्याचं डोकं तिच्या खांद्याला लागत होतं. तिनं कापड बांधलं, कात्री घेतली, आणि आरशात न बघता म्हणाली, "तुला कसं कळलं मी काढल्या ते?"

"तुमच्या बाहीला एक चिकटली होती. मंगळवारी, टेकडीपाशी. 'प्रुइट' लिहिलेली."

"मी तुझ्या भल्यासाठी नव्हत्या काढल्या, ओडेल." कात्री हवेतच थांबली होती. "भांडी परत जाऊ नयेत म्हणून काढल्या. सगळ्यांनी तुला नावं ठेवावीत म्हणून. मी जळत होते. त्या दिवशी टेकडीपाशी ओरडले ना, तेसुद्धा मी सिनेमासाठी नव्हते ओरडत."

ओडेलनं आरशातून तिच्याकडे बघितलं.

"मला तसंच वाटलं होतं आधी," तो म्हणाला. "मंगळवारी रात्री मी बसलो भांड्यांसमोर. म्हटलं, विनेलबाईंनी हे रागानं केलं असेल तर माझं काय उरलं? म्हणून मग दुसरं धरून चाललो. त्याशिवाय दार वाजवलं नसतं माझ्याच्यानं."

"मग आता?"

"आता चौदा घरी तसं सांगून बसलोय." त्यानं मान थोडी वळवली. "तुम्ही नका सांगू कुणाला. मला परत सगळ्यांकडे जावं लागेल."

विनेलला हसू आलं आणि ते मध्येच कुठंतरी तुटलं. तिनं त्याचं डोकं दोन्ही हातांनी सरळ केलं आणि मानेवरचे केस कापायला लागली. नेहमीपेक्षा हळू.

"उद्या मर्लीनबाईंनी बोलावलंय," तो म्हणाला. "तुम्हाला दोघांनाही बोलावलंय. मीच म्हटलं, तुम्ही आलात तर येतो."

रविवारी चर्च सुटल्यावर विनेल, हॉयट आणि ओडेल गुलाबी घरात मर्लीनच्या टेबलाशी बसले. मर्लीननं नवा टेबलक्लॉथ घातला होता, आणि तळलेल्या कोंबडीचं ताट ओडेलच्या पुढं असं धरलं होतं की जणू विनेलच्या घरी त्याला कधी खायलाच मिळालं नव्हतं. विनेल हाताची घडी घालून बघत होती. हिला काय ठाऊक याला काय लागतं ते. आता ही छातीचा तुकडा वाढेल, आणि हा भिडेखातर खाईल. याला पंख आवडतो, आणि हे सबंध गल्लीत एका माणसाला ठाऊक आहे.

"तुला कुठला देऊ रे, ओऽडेल?" मर्लीननं विचारलं. "काय आवडतं तुला?"

ओडेलनं ताटाकडे बघितलं. मान खाली घातली, पुन्हा वर केली. चौदा दारं वाजवून आलेला माणूस होता तो आता. "तंगडी," तो म्हणाला.

विनेलच्या हाताची घडी सुटली. "पंख," ती म्हणाली. "तुला पंख आवडतो."

"नाही, विनेलबाई."

"अकरा वर्षं खातोयस माझ्याकडे."

"वाढायचात तुम्ही," ओडेल म्हणाला. तक्रार नव्हती त्यात, नुसती माहिती होती.

मर्लीनच्या ओठांवर एक वाक्य येऊन उभं राहिलं होतं, भलं करण्याबद्दलचं. पण तिनं विनेलच्या तोंडाकडे बघितलं आणि ते गिळलं.

ताटात तंगडी उरली नव्हती. एक हॉयटनं आधीच अर्धी खाल्ली होती. दुसरी विनेलच्या पानात होती, पाहुणी म्हणून मर्लीननं मानानं वाढलेली. विनेल तिच्याकडे क्षणभर बघत राहिली. पोटातली ती आग अजून होती, काही विझली नव्हती. अजूनही तिला वाटत होतं की हा प्रश्न विचारायचा मान मर्लीनला मिळायला नको होता.

मग तिनं काट्यानं तंगडी उचलली, टेबलावरून हात लांब करून ओडेलच्या पानात टाकली, जरा आपटूनच, आणि म्हणाली, "खा. आणि पुढच्या वेळी माझ्याकडे तोंड उघडत जा."